पान एकशे बारा

कप्तान मार्तंड मेला की जगला, यावरून लालबागच्या तेली चाळीत चार वर्षं भांडण चाललं होतं. चार वर्षं म्हणजे काय थट्टा आहे का राव! तेवढ्यात द्विभाषिक राज्य आलं, कुणालाच पचलं नाही आणि मोडायचंही ठरलं. पण मार्तंडाचा निकाल काही लागेना.

आता हा मार्तंड चाळीतला नव्हे, कादंबरीतला. गुरुदत्त धैर्यवान नावाचे गिरगावातले एक लेखक ‘मंगळस्वारी’ नावाची मालिका लिहायचे. मंगळवाले विरुद्ध पृथ्वीवाले, आणि भांडण चंद्रावरून. चंद्र पृथ्वीचा, त्याच्यावर घाम गाळला पृथ्वीवाल्यांनी, आणि मंगळवाले म्हणणार की चंद्र वेगळा ठेवा! गिरणगावातल्या माणसाला यात समजावून काय सांगायचं? पहिला भाग वाचून होतो न होतो तोच चाळीच्या पोरासोरांनी जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहून टाकलं: ‘चंद्रासह संयुक्त पृथ्वी झालीच पाहिजे.’

तिसऱ्या भागात घोळ झाला. एकसष्टाव्या पानावर मार्तंड आपलं ‘गरुड’ यान मंगळवाल्यांच्या मोठ्या जहाजावर घालतो आणि दोन्हींचा चक्काचूर होतो. चौसष्टाव्या पानावर सगळं सैन्य रडतं. आणि पान एकशे बारावर लख्ख छापलेलं, ‘मार्तंडाने दुर्बीण डोळ्याला लावली.’ त्याच्यापुढे अवाक्षर नाही. पुस्तक संपलं, लेखक गप्प झाला, आणि चाळ पेटली.

‘जिवंत’ पक्षाचा पुढारी कोंडीराम. हा साताऱ्याकडचा गडी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. मिशी अशी की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं. ‘मेला’ पक्षाची पुढारी कमल घाडी, मालवणची, जिभेला हाड नसलेली. रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सभा भरायची, आणि चहा कमलकडेच असल्यामुळे विरोधकांना जरा जपून बोलावं लागायचं.

“अहो भावोजी, मेलेलो माणूस दुर्बीण कशी लावतलो?”

“पर मेला आसं लिवलंय कुठं वैनी? यानाचे तुकडे झाले आसं लिवलंय. यानाचे! मार्तंडाचं प्रेत घावलं का?”

“मग सगळे रडले ते काय कांदो कापीत होते?”

“रडले चुकीच्या बातमीवर. माझ्यावर न्हाई रडला तुमी, छप्पन साली?”

यावर कमल किटली उचलून आत जायची, कारण ती खरंच रडली होती.

आणि या सगळ्यात एक माणूस कोपऱ्यात बशीत चहा ओतून, फुंकर मारत, मूग गिळून बसायचा. कमलचा नवरा, लवू घाडी. त्याची ही गोष्ट.

लवू गिरगावात नानांच्या सुबक छापखान्यात कंपोझिटर. चौदाव्या वर्षी मालवणहून बोटीनं आला आणि शिशाच्या खिळ्यांना, म्हणजे छापायच्या अक्षरांना, जो चिकटला तो चिकटलाच. एकेक अक्षर, एकेक काना-वेलांटी खणातून वेचायची, हातातल्या पट्टीत ओळ लावायची, तीही उलटी. लवूची बोटं न बघता खण ओळखायची. “लवूचं पान आहे ना, मग प्रूफ काढता कशाला, शाई फुकट,” असं नाना गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे आणि लवूची छाती फुगायची. चाळीत तर त्याला ‘बिनचूक लवू’च म्हणत. गणपतीची पत्रिका असो की बारशाची, एकदा लवूच्या हातून गेली की देवसुद्धा चूक काढणार नाही, अशी ख्याती.

‘मंगळस्वारी’च्या तिन्ही भागांची बरीचशी पानं त्यानंच जुळवलेली. त्यातली नावं सारखी सारखी येतात म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. नाव एकदाच जुळवायचं, दोऱ्यानं बांधायचं, आणि अशा पाच-दहा जुड्या खणात तयार ठेवायच्या. मार्तंडाचा एक खण, शेजारी त्याचा उपकप्तान भैरव याचा खण. लागलं नाव की उचल जुडी, सोड दोरा, लाव ओळीत.

तुमच्या लक्षात आलंच असेल. दुर्बीण डोळ्याला लावली ती भैरवानं. लवूचा हात शेजारच्या खणात गेला. संचारबंदीचे दिवस, लेखक प्रूफ बघायला येऊ शकले नाहीत, नानांनी ते घाईघाईत तपासलं आणि त्यांचीही नजर तिथून सटकली. छापून आलेलं पुस्तक हातात घेतलं तेव्हा लवूला ते दिसलं. “हे कुणी जुळवलं रे?” नानांनी विचारलं. चार कंपोझिटर होते, चौघेही खाली बघत राहिले. लवूही.

बिनचूक माणसाची एकच चूक, आणि नेमकी तिच्यावरच अख्खी चाळ चार वर्षं जीव टाकत होती! कोंडीराम पान एकशे बारा उघडून गीतेतल्या श्लोकासारखं वाचायचा तेव्हा लवूला वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. सांगावं तर अब्रू जाते, आणि वर सगळ्यांच्या रविवारची मजा जाते. न सांगावं तर चहा गोड लागत नाही.

साठ साल उजाडलं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र राज्य होणार, मुंबईसह होणार, हे ठरलं आणि लालबागनं गुलाल उधळायची तयारी सुरू केली. त्याच सुमाराला जाहिरात आली: ‘मंगळस्वारी’चे दोन नवे भाग येत आहेत, चौथा एक मे रोजी, पाचवा दिवाळीला. बस्स! मग काय विचारता.

“इकडची मुंबई मिळाली,” कोंडीराम गॅलरीत गरजला, “आता चंद्र मिळायचा! आणि ऐका, चौथ्या-पाचव्यात मार्तंड जिता नसंल, तर ही मिशी उतरवीन. भर चौकात!”

“वस्तरो मी आणून देतंय,” कमल म्हणाली.

सगळे हसले. लवूही हसला, पण उसनं. कारण चौथ्या भागाचं हस्तलिखित त्या आठवड्यातच छापखान्यात आलं होतं, आणि त्यात मार्तंड औषधालाही नव्हता. एवढंच असतं तरी चाललं असतं. वर एक प्रस्तावना होती. तिच्यात धैर्यवानांनी ठणकावलं होतं: ‘मागील भागात पृष्ठ ११२ वर मार्तंडाचे नाव पडले, ते केवळ कंपोझिटरच्या निष्काळजीपणामुळे. वाचकांनी त्यावर व्यर्थ तर्क लढवू नयेत. मार्तंड मेला आहे.’

आता जुळवा म्हणावं ते स्वतःच्या हातानं! चाळीत तर शेंबड्या पोरालाही ठाऊक की कंपोझिटर म्हणजे कोण.

एक बरं होतं. छापखान्याच्या रिवाजानुसार पुस्तक आधी जुळतं आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. लवूनं तो कागद खणाखाली सरकवला आणि दीड महिना तिकडे बघितलं नाही. चाळीतले लोक त्याला भंडावून सोडत. “लव्या, एवढंच सांग, हाय का न्हाई?” कोंडीराम रोज जिन्यात गाठायचा. “धंद्याची शपथ आहे रे,” लवू म्हणायचा आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळायचा. कोंडीराम त्याच्या पाठीकडे बघून मिशीला पीळ द्यायचा. पळतोय म्हणजे मार्तंड आहे, असा त्याचा हिशेब.

एप्रिल अर्धा सरला आणि प्रस्तावनेची पाळी आली. लवूनं कागद समोर ठेवला. मनात आलं, ही तीन वाक्यं गाळली तर? हात शेजारच्या खणात जाऊ शकतो, तसा तो थांबूही शकतो, कोण विचारतंय! पण नाही. एक चूक हातून झाली होती, दुसरी जाणूनबुजून करणं त्याच्या बोटांना जमेना. ‘निष्काळजीपणामुळे’ हा लांबलचक शब्द त्यानं एकही वेलांटी न चुकवता जुळवला. प्रूफ काढलं, आणि ते घेऊन तो स्वतःच ठाकूरद्वारला धैर्यवानांच्या घरी गेला.

धैर्यवान जुन्या मुंबईकर घराण्यातले, कस्टममधून निवृत्त, उंच, सुरकुती नसलेला पांढरा सदरा आणि नाकावर राग. त्यांनी प्रूफ वाचलं. “उत्तम. एकही चूक नाही.”

“साहेब, तो कंपोझिटर मी,” लवू म्हणाला.

धैर्यवानांनी चष्मा काढला. “घाडी, तुमच्यामुळे मला साडेतीनशे पत्रं आली! साडेतीनशे! माणसाला मी सन्मानानं मारलं आणि तुम्ही त्याच्या हातात दुर्बीण दिलीत! चार वर्षं मला लिहायचं सुचलं नाही!”

“खरं आहे साहेब. सही करा, तसंच छापतो. पण एक विनंती आहे. छापायच्या आधी एका रविवारी आमच्या चाळीत या. पुस्तकात वाचून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. आणि तुम्ही असलात तर मला धीर येईल.”

धैर्यवानांना हे विचित्र वाटलं. पण त्यांनी जन्मात आपला वाचक डोळ्यांनी बघितला नव्हता, पत्रंच तेवढी बघितली होती. ते आले.

रविवारी गॅलरी गच्च भरली होती. लवूनं सांगितलं, हे आमच्या छापखान्याकडचे पाहुणे. कमलनं चहा दिला, आणि कोंडीरामला नवा श्रोता मिळाला!

“ऐका पाव्हनं. टक्कर व्हायच्या आदी मार्तंडानं उडी टाकली. मंग चंद्राच्या अंधाऱ्या बाजूनं चालत चालत भैरवाच्या यानाकडं आला. समदे रडत्यात, आणि हा दारात उबा!”

“असं पुस्तकात कुठेही नाही,” धैर्यवान म्हणाले.

“न्हाई कसं? पान एकशे बारा!”

“ती छपाईची चूक आहे!”

“आवो, छापखान्याचं असून आसं बोलता? आमचा लवू चुकत नसतो!”

“लेखकाच्या मनात तसं नव्हतं!”

“लेखकाला काय कळतंय? त्यानं एकदा लिवलं आन् मोकळा झाला. आमी धा-धा येळा वाचलंय!”

धैर्यवान ताडकन उठले, कपातला चहा हिंदकळला. “मीच तो लेखक! मार्तंड मेला आहे!”

कमलच्या हातातली किटली तशीच राहिली. कोंडीरामनं एकदा पाहुण्याकडे, एकदा पुस्तकाकडे बघितलं. “तुमी लेखक आसाल,” तो हळूच म्हणाला, “पर छापलंय ते छापलंय.”

तेव्हा लवू उठला. “कोंड्या, साहेब बरोबर बोलतायत. चूक माझी. ते नाव मी लावलं.”

“तू?” कोंडीरामचा चेहरा उतरला. बिनचूक लवू चुकला, हेच त्याला जास्त लागलं असावं. “आरं पर कसं?”

“छप्पनचा जानेवारी आठव. मी तीन दिवस गिरगावात अडकलेला. छापखान्याच्या फळ्या लावून आत काम चाललेलं, कारण हात थांबला की घर आठवायचं. आणि कुणीतरी फटीतून सांगून गेलं, लालबागला गोळीबार झाला, कोंडीराम गेला.” लवूनं हातातली बशी कठड्यावर ठेवली. “मी रडलो नाही रे. जुळवत राहिलो. एकशे अकरा जुळवलं, एकशे बारा घेतलं, आणि फळीवर थाप पडली. उघडून बघतो तर तू दारात.”

कोंडीरामला आठवलं. गोळी त्याला लागलीच नव्हती. पळता पळता तो गटारात पडला होता, कोपर फुटलं, आणि बघणाऱ्यांनी गेला म्हणून सांगितलं. गळ्यात हात बांधून, गल्लीबोळांतून चुकत-माकत तो लालबागहून गिरगावापर्यंत चालत गेला होता. कशासाठी? तर ‘वैनी आन् प्वार ठीक हाय’ एवढं लवूला सांगायला.

“तू गेलास आणि मी परत ओळीवर आलो,” लवू म्हणाला. “भैरवाचं नाव उचलायचं होतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं, मेला मेला म्हणत होते तो जिवंत आहे. हात मार्तंडाच्या खणात गेला.”

कमलनं पदर डोळ्याला लावला. कोंडीरामनं मिशीवरून हात फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि म्हणाला, “कमलवैनी, वस्तरा आना. हरलो म्या.”

“बसा खाली,” धैर्यवान म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. खिशातून त्यांनी प्रस्तावनेचं प्रूफ काढलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि परत खिशात ठेवलं. “चौथा भाग प्रस्तावनेशिवाय निघेल. पाचवा अजून लिहायचा आहे. तुम्ही मघाशी काय म्हणालात, चंद्राच्या अंधाऱ्या बाजूनं चालत आला? जरा सावकाश सांगा. आणि बाई, चहा अर्धा सांडला, तेव्हा अजून एक कप.”

मग काय! कोंडीराम दुपारपर्यंत बोलत होता, मार्तंडाचंही आणि त्या गटाराचंही.

पाचव्या भागाचे कागद भाद्रपदात छापखान्यात आले. लवू जुळवत जुळवत अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आला. यानात सगळे माना खाली घालून बसलेत, दारावर थाप पडते, दार उघडतं. पुढचं वाक्य त्यानं तीनदा वाचलं: ‘दारात मार्तंड उभा होता. हात गळ्यात बांधलेला, आणि अंगाला चिखल.’

खणात बांधून ठेवलेली जुडी होती, चार वर्षांची धूळ बसलेली. लवूनं तिला हात लावला नाही. ते नाव त्यानं एकेक खिळा वेचून नव्यानं जुळवलं.