धाकट्या जावेची शिक्षा

माझा स्वभाव अजिबात हेवेखोर नाही; फक्त माझी धाकटी जाऊ मीनल हिला पेन्शन मिळणार, हे मला सहन होत नाही.

बाईसाहेब इथेच, लखनौच्या मानक नगरला रेल्वेत इंजिनियर. पेन्शनचे पैसे पगारातून आपोआप जातात, वर सरकार स्वतःची भर घालतं. मी घरी चिकनकारी भरतकामाचे कुर्ते शिवून विकते. माझं सरकार मीच आणि भर घालणारीही मीच! (सासूबाई साताऱ्याहून फोनवर मलाच विचारतात, "मीनल दमत असेल ना गं?" आणि मी काय झोपा काढते?) नुसता जळफळाट! म्हटलं, आपणही पेन्शनचं खातं काढायचं. विचारायला सीएकडे गेले, तर ते म्हणाले, "भाभीजी, पहले रिटर्न भरिए," आणि हिशेबाचा हिंदी कागद पुढे सरकवला. त्यात आयकराखाली चक्क लिहिलेलं, 'शिक्षा उपकर'!

शिक्षा? मला? लखनौला येऊन जेमतेम चार महिने झालेले, हिंदी भाजीवाल्यापुरतं.

"भैया, ये किसलिए? मैंने क्या किया?"

"कमाई की है ना! सबको लगता है."

सबको? घरी येऊन आधी मीनलला फोन लावला. "काय गं, तुलाही शिक्षा लागते?"

"हो ताई, दर महिन्याला पगारातून कापतात. मीटिंगमध्ये आहे, ठेवते."

दर महिन्याला! मला वर्षातून एकदा आणि हिला बारा वेळा! काय गार वाटलं म्हणून सांगू! लगेच साताऱ्याला फोन. "आई, कुणाला बोलू नका हं, पण मीनलला ऑफिसात दर महिन्याला शिक्षा होते. पगार कापतात बिचारीचा."

सासूबाई कुणालाही बोलल्या नाहीत. फक्त भावजींना, दोन्ही नणंदांना आणि मीनलच्या आईला. त्या माउलीने रडत रडत लखनौचं तिकीट काढलं.

संध्याकाळी मीनल दारात! "ताई, अहो इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण! शिक्षणासाठीचा कर तो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती पोट धरून हसत सुटली आणि लॅपटॉप उघडून माझं पेन्शन खातं स्वतःच काढायला बसली. (इतकं चांगलं वागायची काही गरज होती का?)

"दरमहा किती टाकायचे, ताई?"

"तुझ्यापेक्षा पाचशे जास्त!"

तिने स्वतःचा आकडा सांगितला.

मी घोटभर पाणी प्यायले आणि म्हटलं, "बरं, नुसते पाचशेच लिही."