‘आमी’ म्हणणारे आप्पा

गौरव समितीने कोंडिबा आप्पांच्या साठीनिमित्त माझ्याकडे दोन पानं मागितली, तेव्हा खरं सांगतो, पोटात दुखलं. मलाही गेल्याच वर्षी साठ वर्षं पूर्ण झाली. घरात शिरा झाला आणि संपला. आप्पांच्या साठीला मात्र गुंजवण्यापासून आंबवड्यापर्यंत सगळी गावं कामाला लागली आहेत आणि नव्या स्वराज्यात आपल्या भागातला पहिला गौरवग्रंथ निघतो आहे, तोही त्यांचाच. असो.

त्यांची माझी पहिली गाठ वेल्ह्याच्या बाजारात पडली. मी भोरचा मास्तर. शाळा सोडून खेडोपाडी स्वराज्याचा प्रचार करत हिंडत होतो. बाजारात बैल सोडलेली एक गाडी दिसली, तिच्यावर चढलो आणि तासभर बोललो. शेजारी बैलांचे कासरे धरून एक गृहस्थ निमूट उभे होते. भाषणाने भारावलेत, असं मला वाटलं. भाषण संपताच ते म्हणाले, “गुरुजी, झालं आसंल तर उतरा. बैलं जुपायचीत, लांब जायाचंय.” सगळा बाजार हसला. ते गृहस्थ म्हणजे आप्पा. माझ्या भाषणातलं एक अक्षर कुणाला आठवत नाही, पण हे वाक्य लोक अजून सांगतात.

पुढे राजगडाखालचं रान राखीव झालं आणि तिथलं गवत न्यायला बंदी आली. वर इंग्रज, मध्ये भोर संस्थान. गवत त्यांचं आणि उपाशी गुरं आमची. ती बंदी मोडून गवत कापून आणायचं ठरलं. ही योजना माझी होती, हे कुठेतरी छापलेलं असावं म्हणून इथे लिहून ठेवतो. पहिला विळा मी चालवणार होतो, त्यासाठी नवाकोरा विळाही आणला होता. आप्पांनी तो हातात घेतला, धार पाहिली, वाखाणली आणि सरळ आपल्या घराच्या वळचणीला खोचून टाकला.

“विळा न्हाई न्यायचा, गुरुजी. हातात लोखंड दिसलं की पोलिसाला लाठी उगारायला निमित्त. हातानं उपटू.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. योजना माझी, दुरुस्ती त्यांची, आणि नाव झालं दुरुस्तीचं! उपटताना माझे तळवे गवताच्या पात्यांनी कापून निघाले. आप्पांनी आपल्या पटक्याची चिंधी फाडून ते बांधून दिले. माणसाने इतकंही चांगलं वागू नये हो, समोरच्याला धड रागावतासुद्धा येत नाही.

आता जे आजवर टाळत आलो, ते सांगतो. भारे बांधून होताहेत तोच फौजदार शिपायांना घेऊन आले. आम्ही ओळीने उभे राहिलो, त्यात पहिला मी होतो. ती जागा मी हट्टाने मागून घेतली होती. फौजदारांनी छातीला काठी टेकवून विचारलं, “हे गवत कोणी काढलं?” मी चिंधी बांधलेले हात पाठीमागे लपवले आणि माझ्या तोंडून शब्द गेला, “लोकांनी.”

तासतासभर चालणाऱ्या माझ्या जिभेला तेवढंच सुचलं. मागे सारं गाव उभं होतं, सगळ्यांनी ऐकलं. शेजारचे आप्पा एक पाऊल पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आमी.”

“आमी म्हणजे कोण?”

“ह्या गुरुजींनी आन् म्या. लिवा नावं.”

मागून म्हातारी हौसाबाई कडाडली, “आन् म्या न्हाई व्हय?” मग जो तो “आमी, आमी” करत पुढे सरकला. नावं लिहून घेणाऱ्या शिपायाची पेन्सिल मोडली.

भोरच्या तुरुंगात तीन महिने काढले. मी तापाने फणफणलो, तेव्हा माझ्या वाट्याचं दळणही आप्पांनी दळलं. माझा तो शब्द त्यांनी तिथे काढला नाही, आणि नंतरही कधी नाही. सुटल्यावर भोरमध्ये मला हार पडले, मी सत्याग्रही गुरुजी झालो. ही सगळी त्यांच्या एका ‘आमी’ची मिळकत आहे, आणि ती खाताना दर घासाला ठसका लागतो.

गेल्या महिन्यात न राहवून विचारलंच, “आप्पा, त्या दिवशी मला कशाला ओढलंत?”

“वढलं कुठं?” ते म्हणाले. “तुमच्या हाताला रगात व्हतं की.”

एवढं बोलून ते बैलांना वैरण घालायला उठले. हेवा वाटतो तो याचाच. माझं रक्त मी लपवलं, ते त्यांनी मोजणीत धरलं.

आप्पांचे गुडघे धड राहोत, नजर अशीच लांबवर पोचो आणि त्यांच्या दावणीचे बैल पाहायला पतवंडं येवोत. त्यांना माझ्यापेक्षा खूप जास्त आयुष्य मिळो. यात मोठेपणा नाही, स्वार्थ आहे. ते नसताना कुणी काठी टेकवून विचारलं, तर माझ्या तोंडून पुन्हा काय निघेल, याचा मला भरवसा नाही. जन्मभर प्रत्येक ओळीत तुम्ही माझ्या पुढे गेलात, आप्पा. वर जायच्या ओळीत तरी पहिला नंबर मला द्या.