गोणपाटातली बिही

आईला कोरडा खोकला होता. रहाटणीच्या आमच्या घराला सकाळी जाग यायची ती त्या खोकल्यानंच. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतली एक सिंधी म्हातारी दारावर पापड विकायला यायची. तिनं एकदा ओढणीच्या गाठीतून तपकिरी बिया काढून आईच्या हातावर ठेवल्या. बिहीदाणा, बिही नावाच्या सफरचंदासारख्या फळाच्या बिया. भिजवला की पाणी बुळबुळीत होतं. आईनं ते घोटघोट घेतलं आणि त्या दिवशी तिचा घसा खरंच निवला.

"हमारे आँगन में पेड़ था," म्हातारी म्हणाली. तिचं अंगण फाळणीत तिकडे क्वेट्ट्याला राहिलं होतं. थोड्याच दिवसांत ती मुलामागं कल्याणकडे गेली, पुन्हा दिसली नाही.

उरलेल्या बिया आईनं परसात मोरीच्या पाण्यावर लावल्या. एक रोप जगलं. झाडाला फळं धरतील, घरचा बिहीदाणा होईल आणि खोकला जाईल, एवढंच तिच्या मनात होतं. पौषाचा गारठा सुरू झाला की ती वडिलांकडून झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गोणपाट गुंडाळून घ्यायची. गारठ्यानं तिचा खोकला वाढायचा, मग झाडाला तो कसा सोसेल?

"वैनी, कानटोपी बी शिवा की त्याला!" शेजारचे काका कुंपणावरून ओरडायचे.

"तुमचीच द्या की भावजी. न्हाईतरी तिच्या आत काय हाय?" आई म्हणायची, आणि हसता हसता खोकल्यानं वाकायची.

झाड वाढलं. फूल मात्र आलं नाही. दर उन्हाळ्यात ती फांदी न् फांदी निरखायची, "थंडी बाधली असंल," म्हणायची, आणि पुढच्या हिवाळ्यात गोणपाटाचा आणखी एक थर चढायचा.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो. आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच; आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेला. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, आई गेली.

त्याच हिवाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी शिकवलं, की काही फळझाडांना कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय कळीच धरत नाही. तास संपल्यावर मी बिहीचं विचारलं.

"त्यातलीच ती," सर म्हणाले.

"आम्ही गोणपाट बांधलं नसतं तर?"

"तरी नाही. आपल्याकडची थंडी तिला पुरायची नाही."

मला बरं वाटावं म्हणूनच ते म्हणाले असतील. पण चुकीला निदान दुरुस्ती असते. आई ज्याची वाट पाहत होती, ते कधी येणारच नव्हतं.

घरी आलो तेव्हा वडील परसात गोणपाट झटकत होते. "बरं झालं आलास. वरचं टोक धर, माझा हात पुरत न्हाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग ती काय येडी व्हती?"

त्यांनी गोणपाट माझ्याकडे सरकवलं.

"धर वर."

मी टोक धरलं. त्यांनी सुतळी गुंडाळली, आणि सालीला काचू नये म्हणून आई ठेवायला सांगे तशीच गाठ सैल ठेवली.