जड छर्रे अन् तोंडून निघालेलं ‘अजी’

ऐक पोरी, अन् आधी बोलणी खा. नेमबाजीत गुंतली त आजीले विसरलीच! तुझ्या व्हिडिओत डबीतले जड छर्रे खुळखुळले अन् मी सीधी करडी गावच्या सासरच्या जुन्या अंगणात पोचली.

माझे भासरे, म्हणजे तुझ्या आजोबांचे मोठे भाऊ, हवेच्या बंदुकीचे नवे जड छर्रे तपासून राहिले होते. फळीवर कपड्याची साबण ठेवलेली. छर्रा किती खोल रुतला, त्यावरून वेग समजे. जड छर्रा जरा खाली लागे, म्हणून ते एक डोळा मिटून नेम वर घेत होते. तेवढ्यात सासूबाई साबण शोधत तणसाच्या ढिगामागून आल्या अन् फळीकडं हात केला. भासऱ्यांचं बोट घोड्यावर, मी दारात. धाकट्या सुनेनं भासऱ्याशी बोलाचंच नसे, त हाक तरी कोणती मारू? शेवटी नवऱ्याले मारायची तीच निघाली, “अजी, थांबा!”

नळी खाली झाली. सासूबाई साबण छातीशी धरून म्हणाल्या, “कोणाले अजी म्हणून राहिली वो?”

तेव्हा लाजेनं मेली होती. आता वाटते, ती हाक निघालीच नसती त सासूबाईचं काय झालं असतं?

तू त सगळ्यायले बिनधास्त हाका मारतेस. लवकर ये बाई, अंगणातून मलेही एक मार.