बाल्थासार मास्तरांच्या फोकाचा धाक

लिंडनवाइलर गावात दर उन्हाळ्यात एक सण असायचा. शाळेची पोरं ढोल वाजवत रानात जायची आणि वर्षभर स्वतःच्याच पाठीवर बसायचे भूर्जाचे फोक तोडून आणायची. फोकांना रंगीत फिती, तोंडी गाणी, आणि खूश झालेल्या गावाकडून पाव नि पातळ बिअर. बर्लिनकडे म्हणे विवेकाचा उजेड पडला होता. आमच्या दक्षिणेकडच्या श्वाबियात अजून फोकांचंच राज्य होतं.

हे फोक हाती यायचे बाल्थासार रीटम्युलर मास्तरांच्या. मूळचे विणकर, धंदा बसला म्हणून शाळा पत्करलेली. विणायचा मागही वर्गातच कोपऱ्यात उभा. माणूस इतका हळवा, की घरी कोंबडी कापायची तर सुरी बायकोने, आपोलोनियाने धरायची. पहिल्याच आठवड्यात खाटीक श्टोल दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, आमचा योर्ग हसत घरी येतोय. तुम्ही शिकवताय की खेळवताय?"

नोकरी जायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनी तोड काढली. आपोलोनियाने वासराच्या जुन्या कातड्याची उशी शिवून दिली. फोक उशीवर पडायचा आणि पोरगं किंचाळायचं. सुरुवातीला पोरं फिदीफिदी हसायची, मग मास्तरांनी रीतसर तालमी घेतल्या. आधी फटका, मग श्वास, मग किंकाळी; घाई केली की सोंग उघडं पडतं. आणि ज्याचा धडा पाठ, त्यालाच किंचाळायची संधी. त्या एका हावेपोटी अख्खा वर्ग धडाधड पाठ करू लागला. रस्त्याने जाणारे बाप आवाज ऐकून समाधानाने मान डोलवायचे. अंगावर वळ का नाहीत, असं कुणी विचारलंच तर मास्तर पोरांच्या जाड चामडी कपड्यांना दोष द्यायचे.

मग तपासणीला चर्चचे वरिष्ठ पाद्री, डीन क्राउटमान आले. शेजारच्या गावचा मास्तर नरम निघाला म्हणून याच पाद्रीबाबांनी त्याला घरी बसवलं होतं. आपोलोनियाने घाईने उशी मागाखाली सरकवली. उंच खिडक्यांखाली कान देऊन निम्मं गाव जमलं.

डीननी फर्मावलं, एक गुन्हेगार पुढे घ्या, मला शिस्त बघायची आहे. अर्धा वर्ग उठला. ढकलाढकली झाली. योर्ग सगळ्यांना कोपरं मारत पुढे आला आणि आनंदाने ओणवा झाला.

मास्तरांनी फोक उगारला. हात वरच्या वर थिजला. समोर उशी नव्हती, पोराची पाठ होती.

योर्गने वाट पाहिली. मास्तर आपलं काम विसरले, असं वाटून त्याने सांभाळून घेतलं, आणि अशी किंकाळी फोडली की खिडकीच्या काचा थरथरल्या. सोबतीला सगळा वर्ग हंबरडा फोडून रडला. बाहेर श्टोल शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होता, "पहिला आवाज आमच्याचा."

डीन बाकावर टेकले.

"मास्तर, फोक अजून वरच आहे."

"होय, पाद्रीबाबा."

"आणि हा रडून मोकळा झाला."

मास्तरांनी फोक खाली ठेवला. "मारवत नाही हो मला. घालवायचं तर घालवा. पण त्याआधी पोरांना काहीतरी विचारून बघा."

डीननी धर्मप्रश्न विचारले. पोरांनी उत्तरं दिली. डीननी हिशेब विचारले, भजनं विचारली; शेवटी विचारायचं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घाम पुसला. मग दार उघडून ते गावापुढे उभे राहिले. मास्तर मागे, रंग उडालेल्या चेहऱ्याने.

"एवढा कडक मास्तर मी आजवर पाहिला नाही," डीन गंभीरपणे म्हणाले. "रीटम्युलर, हात जरा आवरा. पोरं आहेत ती."

गावाची छाती फुगली. श्टोलबाई तर मास्तरांच्या दमलेल्या खांद्यासाठी हंसाची चरबी घेऊन आल्या. मास्तरांनी ती मुकाट्याने चोळून घेतली. उशी बडवून खांदा खरोखरच भरून आला होता.