चहातली गोळी

९ मार्च. सकाळी आठला मी आयसोलेशन रूममधल्या गादीला प्लास्टिक चढवत होते. दुपारी सुनंदाला रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस द्यायचा होता. तेवढ्यात लॅबचा फोन आला. टीएसएच चार. हवा होता तीसच्या वर.

सुनंदा लिंबायतची, घरी साड्यांना टिकल्या लावणारी. कॅन्सरमुळे तिची थायरॉइड ग्रंथी काढलेली. त्यानंतर हार्मोनची गोळी रोज लागते, पण आयोडीनआधी ती चार आठवडे बंद ठेवतात. हार्मोन कमी पडलं की मेंदूतून टीएसएच सुटतो. त्याने कॅन्सरच्या उरलेल्या पेशी जाग्या होतात, आयोडीन ओढून घेतात आणि त्यानेच मरतात. एरवी टीएसएच म्हणजे या पेशींना खत. म्हणून डोसनंतर गोळी जरा जास्तच देऊन तो दाबून ठेवतात.

चार म्हणजे गोळी चालू होती. बाहेर बाकावर बसलेल्या सुनंदाला गाठलं.

"कधी घेतलीस?"

"नाही घेतली, सिस्टर."

"खोटं बोलू नकोस. रिपोर्ट समोर आहे."

  बाकावरून तिची सासू उठली.

"तिले नका बोलू. मीच दिधी. चहामा कुटीसन."

"कधीपासून?"

"दोन हप्ते झाले. बसल्या जागी झोपायची. हाक मारली तर ओ देईना. मरू देऊ का?"

"आई, मला विचारायचं तरी," सुनंदा म्हणाली.

"तू नको म्हणती."

डॉक्टर सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कॅन्सल. पुढची तारीख सहा आठवड्यांनी."

"आणि आलेला डोस?"

"ठेवून काय करणार? दिवसागणिक विरतो तो."

सुनंदाने पिशवी उचलली. "म्हणजे गोळी पुन्हा बंद? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

आत किती पेशी उरल्यात, तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. माफी मागायची होती, पण तोवर ती जिन्यापर्यंत पोचली होती.

गोळी बंद झाली की सुस्ती येणार, ती यायलाच हवी, हे मी महिन्यापूर्वी सुनंदाला नीट समजावलं होतं. सासूला मात्र गर्दी नको म्हणून मीच बाहेर बसवलं होतं. सूचना आपण पेशंटला देतो. पाळतं किंवा मोडतं ते घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीतल्या पुढच्या पेशंटला फोन लावला. नवागामची बाई. तिची विचारपूस केली नाही.

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"जाऊबाई."

"त्यांना फोन द्या."