झाशी, ओरछा आणि मेहुण्यांनी सोडलेला प्याला

झाशीला कशाला, असं विचारणाऱ्या सगळ्यांना मी किल्ला सांगितला. खरं कारण माझी धाकटी बहीण एस्तेर. फोनवर ती बोलून गेली की प्रकाशराव, म्हणजे तिचे यजमान, कित्येक महिने प्रभुभोजन घेत नाहीत. चर्चमध्ये द्राक्षरसाच्या छोट्या प्याल्यांचा ट्रे आला की तसाच पुढे सरकवतात. ती आणखी काही सांगत होती, पण मी म्हटलं, फोनवर नको, मी येते. मनात पाप असल्याशिवाय माणूस प्याला सोडत नाही. दारू नाहीतर बाई, असं ठरवूनच मी तिकीट काढलं.

नगरहून झाशीला थेट गाडी आहे. स्लीपरनेही जाता येतं, फक्त उन्हाळा टाळा. मी थंडी सरता सरता गेले. स्टेशनबाहेर रिक्षावाले आधी दुप्पट सांगतात आणि आपण पाठ फिरवली की "चलिए दीदी" म्हणतात. शनिवारी सकाळी कचोरी-जिलबी खाऊन किल्ल्यावर गेलो. चढण आहे, बूट घाला. प्रकाशराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सुट्टीचा दिवस त्यांनी माझ्यासाठी दिला, तोफा दाखवल्या, माझी पाण्याची बाटली धरून चालले. इतकं गोड वागणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो.

संध्याकाळी ते "जरा जाऊन येतो" म्हणाले. जरा जाऊन येणारा माणूस पायात चपला सरकवतो; यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बूट पुसले. दर शनिवारी इथेच झाशीतल्या ओरछा गेट वस्तीत जातात, एस्तेर म्हणाली, शमुएलभैयांची माफी मागायला. मग तिने सगळं सांगितलं. प्रभुभोजनाचा रस तीच मनुका उकळून करते. एकदा उपासनेआधी बाटली अर्धी निघाली, आणि प्रकाशरावांनी भर मंडळीत चर्चच्या राखणदाराला, शमुएलभैयांना विचारलं, तुम्ही प्यायलात का? पाळकसाहेब उशिरा पोचले तेव्हा कळलं की एका आजारी म्हातारीला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायला त्यांनीच अर्धा रस नेला होता. प्रकाशरावांनी तिथल्या तिथे हात जोडले, पण शमुएलभैया चाव्या ठेवून गेले ते पुन्हा आले नाहीत.

"एकच माफी कुणी दर शनिवारी मागतं का?" मी विचारलं. भोळी आहेस, असंही मी तिला म्हणाले. प्रकाशराव परत आल्यावर खुंटीवरचा त्यांचा शर्ट मी चक्क हुंगला. साबणाचा वास येत होता. त्याने माझं समाधान झालं नाही.

रविवारी उपासना हिंदीत होती. प्रत्येकाने आधी स्वतःला तपासावं, पश्चात्ताप करावा आणि मगच घ्यावं, असं पाळकसाहेबांनी सांगितलं आणि सगळे डोळे मिटून बसले. मी एक डोळा प्रकाशरावांवर ठेवला होता. ट्रे आला, त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी माझा प्याला उचलला आणि त्यांच्याकडे बघतच रिकामा केला.

दुपारी त्यांच्या स्कूटरवरून जवळच्या ओरछा गावाला निघालो. शेअर ऑटोही मिळतात, पण परतीचा आधीच ठरवून ठेवा. वाटेत ओरछा गेटपाशी त्यांनी स्कूटर थांबवली. "ताई, दोन मिनिटं. काल दार उघडलं नाही." मी म्हटलं, मीही येते. गल्लीतल्या एका दारावर त्यांनी टकटक केली आणि आतून बाईचा आवाज आला, "भैयाजी, वो घर पे नहीं हैं." बाई! खरं सांगते, मला आनंद झाला. बिचाऱ्या एस्तेरचा संसार मोडायला निघाला होता आणि मला माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद.

तेवढ्यात आत एक म्हातारा माणूस खोकला. उंबऱ्यापाशी पुरुषाच्या चपला होत्या. प्रकाशरावांनीही त्या पाहिल्या, आणि बंद दाराला म्हणाले, "शमुएल भैया, मैं प्रकाश. ग़लती मेरी थी. आपकी जगह ख़ाली है." दार उघडलं नाही. ते थोडा वेळ थांबले आणि मग आम्ही निघालो.

ओरछ्याचे महाल, नदीकाठच्या राजांच्या समाध्यांच्या छत्र्या, सगळं पाहण्यासारखं आहे. अर्धा दिवस पुरणार नाही. मला त्यातलं फार आठवत नाही. नदीकाठी चहा घेताना मी म्हटलं, माफी मागितलीत, तुमचं काम संपलं, आता प्याला घ्या. "कसा घेऊ, ताई?" ते म्हणाले. "काही न बघता मी त्यांना चोर ठरवलं. ते टेबलापासून उठून गेले, माझ्यामुळे. मी तिथे जाऊन पिऊ?" मग सहज विचारावं तसं म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. ते हसले आणि माझ्या चहाचेही पैसे देऊन आले.

नगरला आल्यावर सगळ्यांना फोटो दाखवले. झाशी जरूर करा, दोन दिवस पुरतात. एस्तेर फोनवर सांगते, शनिवारचं जाणं चालूच आहे. प्रकाशरावांना खरं काय ते सांगायला मी रोज फोन हातात घेते आणि एस्तेरशीच बोलून ठेवून देते.

या महिन्यात आमच्या चर्चमध्ये ट्रे माझ्यापर्यंत आला. मी तो तसाच पुढे दिला. शेजारच्या बाईंनी प्याला उचलला आणि पिता पिता माझ्याकडे पाहिलं. त्या काय ठरवत होत्या, ते मला नेमकं माहीत होतं.